दुसऱ्या रांगेतला तिसरा

लोधिवली, ता. खालापूर
२४ नोव्हेंबर १९८२

चि. हिरामण यास सहदेवमामाचा आशीर्वाद.

तुझ्या दुकानाच्या बिलावर चौदा इंची टीव्हीची किंमत एकोणीसशे पन्नास लिहिली आहे. ती दादरपुरती खरी. इथं काय पडली ते ऐक. अँटेनाला मुंबईची बाजू मोकळी पाहिजे, म्हणून परसातला शेवगा गेला. खांब उभा करताना तो नागूच्या अंगठ्यावर आला. नागू भातगिरणीवरचा माझा जुना माणूस, त्यामुळे चार दिवस इंजिनचा पट्टा मलाच चढवावा लागला. खांबाची ताणतार शेजारच्या धोंडूबाईच्या वाळवणाच्या जागेवरून गेली. तेव्हापासून ती तुझ्या गौरामामीशी बोलत नाही, आणि विरजणाला गौरा चार घरं पलीकडे जाते. म्हणजे एक झाड, एक अंगठा, एक शेजारीण आणि वर एकोणीसशे पन्नास.

एवढं करून दिसतं काय, तर दिल्लीत एशियाडचे खेळ चालले आहेत ते ऐकू छान येतात. हॉकीचा चेंडू फळीवर आपटला की गोल झाला हे मी ओरडणाऱ्याच्या आधी सांगतो. पण माणसाचं तोंड म्हणजे थापलेली भाकरी. नाक नाही, डोळे नाहीत. मुंबईच्या बाजूला प्रबळचा डोंगर आडवा आहे हे मला मान्य, पण भाकरी ती भाकरीच.

टीव्ही कशासाठी घेतला ते तुला ठाऊक आहे. सखा दोन वर्षं घरी आलेला नाही. गेल्या पत्रात त्यानं लिहिलं की सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी त्याच्या पलटणीतून माणसं निवडली, त्यात त्याचं नाव आहे. तेव्हापासून गौराचं एकच चाललंय, मला माझा पोर एकदा बघू दे. ती दुसरं काही मागत नाही, त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

माझ्या डोळ्यांवर शंका घेऊ नकोस. अठ्ठावन्न पुरी झाली, चष्मा नाही. तळहातावर तांदूळ घेतला की कणी किती, खडा कुठला, एका नजरेत. कान तर तुला लहानपणापासून माहीत आहेत. पाठ करून बसलो तरी दारात कोण आलं ते मी चपलेवरून ओळखतो. ह्याच गिरणीत बाराव्या वर्षी पोती उचलायला लागलो. आज ती माझी आहे, ती ह्या दोन डोळ्यांवर आणि दोन कानांवर.

तेव्हा दोष टीव्हीच्या मापात आहे. सव्वीस जानेवारीच्या आत काय करायचं ते कळव. तुझ्या आईला म्हणावं, गुळाची ढेप पाठवली आहे, बरणीत ठेव.

तुझा मामा,
सहदेव


दादर
२९ नोव्हेंबर १९८२

ती. सहदेवमामा आणि गौरामामी यांना नमस्कार.

गूळ पोचला. आईनं बरणीत ठेवायच्या आधीच निम्मा संपला, त्यात माझा हात आहे.

मामा, टीव्ही बदलायच्या आधी एक टेप घ्या आणि काच ते खुर्ची हे अंतर मोजा. गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो तो हिशोब असा. चौदा इंचीला पाच-सहा फूट, वीस इंचीला आठ-नऊ फूट, चोवीस इंचीला दहाच्या पुढे. ह्याहून लांब बसलं तर तोंडं लहान दिसतात. ह्याहून जवळ बसलं तर चित्रातल्या रेघा मोजता येतात. आपल्या खोलीत कोण कुठं बसतं ते कळल्याशिवाय मी माप सांगणार नाही.

दुसरं, भिंतीवरचं कॅलेंडर दहा फुटांवरून वाचून बघा. आधी एक डोळा तळहातानं झाकून, मग दुसरा. तुम्हीही वाचा आणि मामींनाही विचारा. आमचे शेठ प्रत्येक वयस्कर गिऱ्हाइकाला हे करायला लावतात. त्यांचं म्हणणं, निम्मे टीव्ही परत येतात ते टीव्हीच्या दोषानं येत नाहीत.

तोंड भाकरीसारखं दिसतं म्हणता, ते पांढरे ठिपके नाचतात म्हणून दिसत नाही, की ठिपके नसताना पुसट दिसतं? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपके असले तर सिग्नल वाढवणारा बूस्टर लावू.

आपला,
हिरामण


लोधिवली
८ डिसेंबर १९८२

चि. हिरामण,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. माझी खुर्ची काचेपासून नऊ फूट. बाकी माणसं ओटीवर चटईवर बसतात, कोणी पाच, कोणी सात. गौरा माजघराच्या उंबऱ्यावर बसते, ते अंतर अठरा फूट भरलं. तिला पुढं बस म्हटलं तर बसत नाही. ओटीवर गावचे बाप्ये असताना बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, हे माझ्या आईपासून चालत आलं आहे, आणि टीव्हीनं ते मोडायचं काही कारण नाही. तिनं सखाचा चेहरा अठरा फुटांवरूनच बघायचा, म्हणजे चेहरा मोठा पाहिजे, हे उघड आहे.

कॅलेंडर वाचलं. उजव्या डोळ्यानं आठ डिसेंबर, बुधवार. डाव्या डोळ्यानंही आठ डिसेंबर, बुधवार. बरोबर निघालं.

गौराला वाचता येत नाही, म्हणून तिला नुसतं काय दिसतं ते विचारलं. ती म्हणाली, गणपतीच्या सोंडेवर माशीनं घाण केली हाय. मला तर काही दिसलं नाही. उठून जवळ गेलो तर खरंच ठिपका होता. आता कॅलेंडरवरची धूळ तीच झटकते, तिला आधीपासून माहीत असणार. ही परीक्षा मी धरली नाही.

तिच्या डोळ्यांची खरी परीक्षा सुई. गेली चार वर्षं तिला सुई ओवता येत नाही, हात लांब लांब नेते आणि शेवटी माझ्याकडे येते. मी एका झटक्यात ओवून देतो. तेव्हा डोळे कुणाचे गेलेत ह्यात वाद राहिला नाही.

ठिपक्यांचं विचारलंस. गौरा म्हणते, मुंग्या फार हायत. मला मुंग्या वगैरे काही दिसत नाहीत, सगळं सारखं गुळगुळीत आहे. हेही तिच्या डोळ्यांचंच.

तेव्हा चोवीस इंची. काय भावात देतोस ते कळव.

मामा


दादर
१४ डिसेंबर १९८२

ती. मामांना नमस्कार.

चोवीस इंची विकला तर माझं कमिशन दुप्पट आहे, तरी सांगतो, घेऊ नका.

कारण तुमच्याच धंद्यातलं देतो. एक पोतं भात लहान ताडपत्रीवर पसरलं तर थर जाड दिसतो. तेच पोतं दुप्पट ताडपत्रीवर पसरा, मधे मधे ताडपत्री दिसायला लागते. मुंबईहून येणारं चित्र सव्वासहाशे रेघांचं असतं. चौदा इंचात तेवढ्याच आणि चोवीस इंचात तेवढ्याच. काच मोठी केली म्हणून रेघा वाढत नाहीत, त्या जाड होतात आणि मधली फट दिसते. त्यात तुमच्याकडे डोंगरामुळे चित्र आधीच अशक्त. मोठ्या काचेवर मुंग्याही मोठ्या होणार.

माझ्या मते चौदा इंचीच ठेवा, बूस्टर मी पाठवतो. सव्वीस तारखेला मामींना पाच-सहा फुटांवर बसवा. उंबऱ्याचं एका सकाळपुरतं काय ते बघा.

आणखी एक. सुई हातावर असते आणि टीव्ही भिंतीशी. तुम्ही एकाच मापानं दोन्ही मोजताय. हातावरचं न दिसणाऱ्या माणसाला लांबचं स्वच्छ दिसतं, अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे रोज येतात. उलटीही येतात.

उलट्याचा विचार तुम्हीच करा, मी लहान आहे.

हिरामण


लोधिवली
९ जानेवारी १९८३

चि. हिरामण,

तुझं ताडपत्रीचं ऐकून गिरणीवर सगळे हसले. नागू म्हणाला, भाच्याला दुकानात ठेवलाय का कीर्तनात. तू विकायला तयार नाहीस म्हटल्यावर पनवेलहून आणला. टेंपोनं आला. चोवीस इंच, सागवानी पेटी, पुढे लाकडी झडप, चार पाय. चौक गावापासून लोधिवलीपर्यंत चोवीस इंची दुसरा नाही, मी खात्री केली आहे. लहान टीव्ही नागूला गिरणीत लावायला दिला. तुझा बूस्टर मात्र बसवला, वाया कशाला घालवायचा.

मी माझी खुर्ची चार फुटांवर ओढली आहे. मोठी वस्तू घेतल्यावर मालकानं मागं का बसायचं. आता तोंडात नाक आहे हे कळतं. म्हणजे माप मोठं घेतलं ते बरोबर केलं.

गौरा उंबऱ्यावरून म्हणाली, आधी मुंग्या होत्या, आता झुरळं झाली. लहान होता तो बरा होता म्हणते. डोळे गेलेल्या माणसाशी वाद काय घालायचा.

सखाचं पत्र आलं. सराव पहाटेपासून असतो, थंडीनं बोटं वाकत नाहीत. त्याची जागा ठरली. दुसरी रांग, सलामीच्या बाजूकडून तिसरा. गौरानं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग विचारलं की सलामीची बाजू म्हणजे टीव्हीतली कुठली. मी सांगितलं, उजवी. आता ती दुपारच्याला उंबऱ्यावर बसून बंद टीव्हीच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत असते. मी पाहिलेलं नाही, धोंडूबाईनं सांगितलं. हो, धोंडूबाई बोलायला लागली. तिला परेड बघायची आहे.

मामा


लोधिवली
२८ जानेवारी १९८३

चि. हिरामण,

काम फत्ते झालं, पण घरात नीट नाही. क्रमानं सांगतो.

परवा सकाळी आठपासून ओटी भरली. बाहेर अंगणात माणसं, खिडकीत माणसं. मी झडप उघडली. दिल्लीत धुकं होतं असं सांगणारा म्हणत होता. तोफगाडे गेले, उंट गेले, मग पलटणी यायला लागल्या. कोण येतं ते तो आधी सांगतो, त्यामुळे मला चुकायचं काही कारण नव्हतं. सखाच्या पलटणीचं नाव घेतल्याबरोबर मी सगळ्यांना गप्प केलं. बँड वाजला, बुटांचा आवाज आला. असा आवाज की चारशे पायांचा एक पाय. मी खुर्चीतून उठलो, दुसरी रांग धरली, उजवीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, ह्यो आपला सखा. ओटीवर टाळ्या पडल्या. नागूनं डोळे पुसले. धोंडूबाई म्हणाली, बापावर गेलाय, चाल तीच. पेढे मी आदल्या दिवशीच कर्जतहून आणून ठेवले होते, ते वाटले. गौरा चार घरं पलीकडे जायची ना, त्या घरचेसुद्धा येऊन घेऊन गेले.

हे सगळं चाललेलं असताना गौरा उंबऱ्यावरून उठली. तिथवर येऊन उभी राहिली जिथं बायका कधी येत नाहीत, माझ्या खुर्चीच्या मागं. पलटण अजून काचेवर होती. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली,

“त्यात आपला सखा नाय.”

मी म्हटलं, अगं दुसरी रांग, तिसरा. ती म्हणाली, “दुसरी बी बघितली नि तिसरी बी बघितली. एकेकाचं तोंड बघितलं. माझा पोर त्यात नाय.” आणि आत गेली.

पेढा तिनं घेतला नाही. तेव्हापासून दोन दिवस ती धड जेवलेली नाही. तिच्या डोक्यात बसलंय की सखाला काहीतरी झालं आणि पलटणीनं कळवलं नाही. मी समजावलं, मी स्वतः बोट ठेवलं, सगळ्या गावानं पाहिला. ती म्हणते, गावानं तुमचं बोट बघितलं.

हिरामण, तिचे डोळे पार गेलेत असं दिसतं. स्वतःचा मुलगा समोरून गेला आणि ओळखता आला नाही, ह्यापेक्षा वाईट काय असायचं. खर्चाचं बघू नकोस. मुंबईत चांगला डोळ्यांचा डॉक्टर असेल तर नाव पाठव. ती मुंबईला यायला तयार होईल असं वाटत नाही, पण मी आणीन.

मामा


दादर
३ फेब्रुवारी १९८३

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र हातात पडलं की पहिल्या ह्या दोन ओळी मामींना मोठ्यानं वाचून दाखवा. सखादादाचं पत्र मला काल आलं आहे, एकतीस तारखेला त्याच्या हातानं लिहिलेलं. तो खुशाल आहे, जेवतोखातो, एप्रिलमध्ये महिनाभर सुटीवर येतोय.

बाकी त्यानं काय लिहिलं ते तो तुम्हाला स्वतः सांगणार आहे. मला सांगू नकोस म्हणाला आहे, म्हणून सांगत नाही.

डॉक्टरांचं. मुंबईची गरज नाही. कर्जतला स्टेशनच्या बाजूला दर गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर बसतात, आमच्या शेठच्या बहिणीचे डोळे त्यांनीच पाहिले. चांगले आहेत. एवढंच की ते नवराबायकोला जोडीनं तपासतात, एकाला एकट्याला तपासत नाहीत, तशी त्यांची पद्धत आहे. मामी पहिल्यांदा डॉक्टरच्या खुर्चीत बसणार, घाबरतील. तेव्हा आधी तुम्ही बसा, म्हणजे त्यांना धीर येईल.

हिरामण


लोधिवली
१९ फेब्रुवारी १९८३

चि. हिरामण,

तुझ्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. गौरानं ऐकल्या, उठली, भात चढवला आणि जेवली. म्हणजे तुझ्यावर विश्वास आहे, माझ्या बोटावर नाही.

गेल्या आठवड्यात गुरुवारी कर्जतला गेलो. आमच्या आधी आत एक मास्तर होते. दाराला पडदा होता, त्यांना डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते ते बाहेर ऐकू येत होतं. माझे कान तुला माहीत आहेत. माझी पाळी आली, खुर्चीत बसलो, डॉक्टर म्हणाले वाचा. मी वाचलं. वरपासून खालपर्यंत, एक अक्षर न अडखळता. डॉक्टरांनी पाटी उलटी केली, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. म्हणाले, आता ही वाचा.

पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीत तीन अक्षरं आहेत एवढं सांगता आलं. त्याखाली काही लिहिलंय हे मी मान्य केलं.

मग गौरा. तिला अक्षरं येत नाहीत म्हणून डॉक्टरांनी दुसरा तक्ता लावला, तीन दातांच्या फण्या काढलेला. दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. ती दाखवत गेली. वर, खाली, डावीकडे. शेवटची ओळ मला तर तिथं आहे हेही कळत नव्हतं, तिनं तीही दाखवली. डॉक्टर म्हणाले, लांबचे डोळे विशीतल्या पोरीचे आहेत. फक्त जवळचा चष्मा लागेल, सुईसाठी आणि तांदूळ निवडायला.

माझं त्यांनी सांगितलं ते असं. जवळचं उत्तम, लांबचं फार वर्षांपासून नाही. बहुतेक लहानपणापासून. मी म्हटलं, मग इतकी वर्षं मला कळलं कसं नाही. त्यांनी धंदा विचारला. मी गिरणी सांगितली. म्हणाले, गिरणीत लांबचं बघायचं काय असतं, सगळं तळहातावर असतं. मग विचारलं, माणूस लांबून कसा ओळखता. मी म्हटलं, चपलेवरून, खोकल्यावरून. ते हसले नाहीत. म्हणाले, कान उगीच तीक्ष्ण होत नाहीत.

नंबर उणे तीन निघाला. त्यांनी लोखंडी चौकट नाकावर ठेवली, भिंगं घातली आणि म्हणाले, खिडकीतून बाहेर बघा. समोर माथेरानचा डोंगर आहे. तो मी जन्मापासून पाहतोय, हिरवा किंवा करडा, ऋतू असेल तसा. त्या दिवशी त्याच्यावर झाडं होती. वेगवेगळी. मग मी मागं वळलो. गौरा दाराशी बाकावर बसली होती, दहा-बारा फुटांवर. तिच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. ते मला माहीत होतं, पण तिथून दिसतं हे माहीत नव्हतं. केस बरेच पांढरे झालेत. ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, “तुमी कधी असं बघत नाय.”

चष्मा परवा आला. घरी येऊन टीव्ही लावला, खुर्ची नऊ फुटांवर नेली. हिरामण, मुंग्याच आहेत. सगळीकडे, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि चांगल्या हरभऱ्याएवढ्या. रेघाही दिसतात, मोजल्या नाहीत. मी आजवर हे सगळं गुळगुळीत बघत होतो. गिरणीत जाऊन नागूकडचा लहान पाहिला, सहा फुटांवरून. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानात कुडी होती.

ताडपत्रीचं तू बरोबर सांगितलं होतंस. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

सखानं तुला काय लिहिलं ते आता सांग. मी विचारतोय, गौरानं विचारलेलं नाही. ती गप्प आहे आणि तिचं ते गप्प राहणं मला आता दिसतं.

मामा


दादर
२४ फेब्रुवारी १९८३

ती. मामांना नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तिनं स्वतःच वाचलं. म्हणाली, दादा शाळेत फळा दिसत नाही म्हणून मार खायचा, आम्हाला वाटायचं अभ्यास करत नाही. तिसरीत शाळा सोडली ती त्यामुळेच असेल.

डॉक्टर जोडीनं तपासतात वगैरे मी रचलं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्हाला सरळ सांगितलं असतं तर तुम्ही मला कॅलेंडर वाचून दाखवलं असतं.

सखादादाचं मी सांगणार नाही. त्यानं शब्द घेतला आहे. गावात पेढे वाटले हे त्याला मी कळवलं, हे माझं चुकलं. त्यावर त्याचं उत्तर आलं की मी एप्रिलमध्ये येऊन बाबांना तोंडानंच सांगतो. एप्रिल लांब नाही. मामींना म्हणावं, काळजीचं काही नाही.

चोवीस इंची विकायचा असेल तर गिऱ्हाईक बघून ठेवतो. बारा फुटांचा हॉल आणि मुंबईतला सिग्नल असेल तिथं तो चांगला दिसेल.

हिरामण


लोधिवली
१७ एप्रिल १९८३

चि. हिरामण,

सखा बुधवारी आला. आणायला मी कर्जत स्टेशनवर गेलो होतो. मनात होतं की ह्या वेळी पावलं ऐकायची नाहीत, डब्यातून उतरतानाच ओळखायचा. गाडी आली, माणसं उतरली, मी एकेकाचं तोंड बघत उभा. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, “बाबा, हिकडं.” मिशी ठेवली आहे, गालही भरलेत. गौरानं मात्र आमची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा अंगणातून हात केला. अर्धा फर्लांग तरी असेल.

चोवीस इंची विकत नाही. ओटीवर राहू दे, गाव बसतं आणि पेटी चांगली आहे. लहान नागूकडून परत आणला आणि माजघरात लावला. त्याच्यापुढं साडेपाच फुटांवर पाट टाकला आहे, टेप लावून. तिथं गौरा बसते, धोंडूबाईही असते. उंबऱ्यावर आता कोणी नसतं. रात्रीच्या बातम्यांना मीही आतच असतो. ओटीवरचे विचारतात, मालक कुठं गेले. मी सांगतो, आत चित्र बरं येतं.

परेडचं काल दुपारी कळलं. जेवताना मी विषय काढणार नव्हतो, सखानंच काढला. बाबा, हिरामणनं सगळं कळवलं, पेढे वाटले, बोट ठेवलं. मी त्याला सरळ विचारलं, दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरा कोण होता. तो म्हणाला, एक साताऱ्याकडचा, आयत्या वेळी घातला, नाव आता आठवत नाही, चांगला मुलगा आहे. गौरा भात वाढत होती. ती म्हणाली, “मी त्याचं तोंड बघितलं. नाक बसकं हाय त्याचं.” सखा म्हणाला, हाय.

सखाला बावीस जानेवारीला गालगुंडं आली होती आणि सव्वीस तारखेला तो दिल्लीत लष्कराच्या इस्पितळात खाटेवर होता. परेड त्यानं वॉर्डातल्या टीव्हीवर पाहिली. दहा खाटा सोडून पलीकडे होता, तरी दुसऱ्या रांगेतला तिसरा त्याला ओळखता आला. टीव्ही चौदा इंची होता.

मामा